झोपताना पुस्तक: मुलांना वाचनाची गोडी लागावी म्हणून आमच्याकडे काय काय चालतं

आमच्याकडे रात्री साडेनऊला लाईट बंद होतो आणि त्याआधीची पंधरा मिनिटं पुस्तकाची, गेली चार वर्षं हे चालू आहे म्हणून काय जमलं ते लिहिते. सगळ्यात आधी एकच सांगते, रात्रीच्या पुस्तकाचा अभ्यास करू नका. मी सुरुवातीला नेमकं तेच केलं, लेक पहिलीत, इंग्लिश मीडियमची, मराठी जोडाक्षरं अडायची आणि मी गोष्ट ऐन रंगात आली की थांबून "हा शब्द वाच बघू" करायचे. तिसऱ्या की चौथ्या रात्री तिने चादर डोक्यावरून ओढून घेतली, आई आज गोष्ट नको, झोप आलीये म्हणाली, आणि चादरीच्या फटीतून डोळे टक्क उघडे दिसत होते मला. फार वाईट वाटलं तेव्हा. त्या दिवसापासून मी वाचते, ती ऐकते, मी फक्त शब्दांखालून बोट फिरवते, प्रश्न नाही, तात्पर्य नाही, काही नाही. दोन-तीन महिन्यांनी तीच माझ्या आधी शब्द म्हणायला लागली.

मूल अगदी लहान असेल तर पुस्तकाचीही घाई नको, चिऊ-काऊची गोष्ट घ्या. कावळ्याचं घर वाहून गेलेलं, तो दार वाजवतो, तेव्हा आपण पलंगाच्या लाकडावर खरंच टकटक करायची, "चिऊताई चिऊताई दार उघड", आणि मग चिऊचं "थांब, माझ्या बाळाला..." इथे आपण गप्प बसायचं. बघा, मूल स्वतःच म्हणतं, न्हाऊ घालते, तीट लावते, काजळ घालते. पुढे काय येणार हे आपल्याला माहितीये याचाच मुलांना एवढा आनंद असतो, म्हणूनच तेच पुस्तक रोज रोज मागतात, तर कंटाळा आला तरी वाचा, "हे कालच झालं ना" म्हणू नका.

पुस्तकं विकतच घ्यायला हवीत असं नाही. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक ऑनलाईन फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर साईटवर मराठी चित्रगोष्टी ढिगाने आहेत, त्याही फुकट, आणि त्यांना लेव्हल दिलेल्या असतात, लेव्हल 1 मध्ये पानावर जेमतेम एखाद-दोन सोपी वाक्यं, लेव्हल 4 सलग वाचणाऱ्या मुलांसाठी. मी दिवसा डाऊनलोड करून ब्लॅक अँड व्हाईट प्रिंट काढते, स्टेपल मारते, चित्रं ती रंगवते. रात्री मोबाईलवर वाचायला माझा विरोध आहे, एक नोटिफिकेशन आलं की गोष्ट गेली. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकंही छान आणि खिशाला परवडणारी. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात मुलांना सोबत घेऊनच जा, पुस्तक त्यांना निवडू द्या, तुम्हाला ते फालतू वाटलं तरी.

आणि ती पुस्तकं कपाटात बंद ठेवू नका. आमची एका भाजीच्या टोपलीत, पलंगाशेजारी जमिनीवर असतात, कव्हर दिसतील अशी.

बाबांनीही वाचावं हं, आवाज बदलला की तीच गोष्ट नवी होते. आजी नागपूरला आहे, ती गोष्ट वाचून व्हॉट्सअॅपवर आवाज पाठवते, तेवढ्यापुरता फोन लांब टेबलावर आणि पुस्तक लेकीच्या हातात, आजीच्या बोलण्यातला वऱ्हाडी हेल तिच्या कानावर पडतो ते मला फार मोलाचं वाटतं.

मूल स्वतः वाचायला लागलं की बरेच जण वाचून दाखवणं सोडतात, प्लीज सोडू नका. आम्ही आता डावं पान माझं, उजवं तिचं असं करतो, अडली तर मी लगेच शब्द सांगून टाकते, ताटकळत ठेवत नाही. गोष्ट मध्येच, दार उघडतंय वगैरे अशा जागी थांबवते आणि म्हणते, झोप, किंवा दहा मिनिटं दिवा चालू ठेवते, हवं तर तू वाच. झोप ती कधीच निवडत नाही.

आणि ज्या रात्री स्वयंपाकघर आवरता आवरताच दहा वाजतात, तेव्हा एकच पान वाचते, नाहीतर एखादी चार ओळींची कविता, पण वाचते.