रोजच्या फियाटला ‘अपग्रेड’ करताय? आधी या चुका टाळा

जुलैमधली संध्याकाळ, पुण्याच्या चांदणी चौकात तुंबलेली गाड्यांची रांग आणि वरून धो धो पाऊस. आधी वायपर रेंगाळायला लागला. मग हेडलाइट पिवळे पडले. पाच मिनिटांनी टेम्परेचरचा काटा लालीकडे सरकला आणि माझी 1978 ची प्रीमिअर पद्मिनी रस्त्याच्या मधोमध बंद पडली. मागून हॉर्नची आरती सुरू.

ही गाडी आठच दिवसांपूर्वी मी ‘सुधारून’ आणली होती. सिग्नलला गरम होते म्हणून बेल्टवरचा जुना पंखा काढून इलेक्ट्रिक फॅन बसवला होता. फॅनमध्ये काही खोट नव्हती. पण तो एकटाच दहा अँपिअर मागत होता आणि गाडीत वीज बनवायला जुना डायनमोच होता. इंजिन आयडलिंगला असलं की डायनमो जवळजवळ काहीच देत नाही. म्हणजे फॅन, हेडलाइट, वायपर हे तिघेही बॅटरीच्या ताटात जेवायला बसलेले. बॅटरी उतरली, फॅन मंदावला, इंजिन तापलं. गाडी गरम होऊ नये म्हणून केलेल्या खर्चानेच गाडी गरम झाली.

कुर्ल्याच्या कारखान्यातून 1964 मध्ये ही गाडी फियाट 1100 डिलाइट म्हणून बाहेर पडली, 1974 पासून पद्मिनी म्हणून. 1089 सीसीचं इंजिन, चाळीसेक हॉर्सपॉवर, हँडगिअर (स्टिअरिंगजवळचा गिअर). तिचा प्रत्येक भाग शेजारच्या भागाचा हिशेब धरून बनवलाय. एक बदलला की ओझं दुसऱ्यावर जातं. हौसेला वर्षातून चार वेळा काढायची गाडी हे खपवून घेते. रोज ऑफिसला न्यायची गाडी पंधरा दिवसांत हिशेब मागते.

गरम होण्याचं मूळ न शोधता फॅन लावणं

माझ्या बाबतीत दुखणं रेडिएटरमध्ये होतं. खालच्या नळ्या क्षाराने बुजल्या होत्या, कारण आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं होतं. हे तपासायला पैसे लागत नाहीत. गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवा, इंजिन बंद करा, आणि रेडिएटरच्या जाळीवरून, भाजणार नाही इतक्या अंतराने, हात फिरवा. मध्येच थंड पट्टे लागले तर तिथून पाणी फिरत नाहीये. ते काम रेडिएटरवाल्याचं, फॅनवाल्याचं नव्हे.

दुसरा संशयित रेडिएटरचं झाकण. हे झाकण आत दाब धरून ठेवतं आणि दर एक पीएसआय (दाबाचं माप) दाबामागे पाण्याचा उकळबिंदू साधारण दीड अंशाने वर जातो. झाकणाचं रबर गेलं की दाब गेला. मग काट्यावर फारसं काही दिसत नाही, पण घाट चढून थांबलात की गाडी चहाच्या किटलीसारखी फसफसते. नव्या झाकणाला रेडिएटरच्या मानाने काहीच पैसे पडत नाहीत, तरी ते यादीत शेवटी का असतं कोण जाणे.

आणि तो थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरला जाऊ न देणारी झडप. जुन्या गाडीची किल्ली दिली की संध्याकाळी ऐकायला मिळतंच, “साहेब, थर्मोस्टॅट काढून टाकलाय, आता टेन्शन नाय.” टेन्शन तिथूनच सुरू होतं. ज्या इंजिनांत बायपासची वाट असते, तिथे थर्मोस्टॅट काढल्यावर गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला न जाता त्या वाटेने परत इंजिनातच फिरत राहतो. थंडीत उलटं होतं, इंजिन नीट तापतच नाही, चोक जास्त वेळ ओढावा लागतो, पेट्रोल जास्त जातं आणि ऑइलमध्ये गाळ धरतो. चालणारा थर्मोस्टॅट ओळखायला पातेल्यात पाणी उकळा, दोरीला बांधून त्यात सोडा. उघडला तर बसवा, नाही तर नवा आणा. (पातेलं घरातलं वापरू नका. अनुभव आहे.)

पद्मिनीचं हेड अ‍ॅल्युमिनिअमचं आहे आणि ब्लॉक बिडाचा. दोन-तीनदा उकळली की हेड वाकतं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर दिसला, किंवा पाणी कमी होतंय पण कुठे गळत नाहीये, तर हेड गॅस्केटकडे बघा. फेसिंग (हेडचा वाकलेला तळ घासून सपाट करणं) करून घ्या, पण लेथवाल्याला कमीत कमी काढायला सांगा. प्रत्येक घासणीला कॉम्प्रेशन वाढतं आणि चढावर इंजिन ठोकायला लागतं. नट आवळताना मधून सुरू करून बाहेर जायचं, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच.

वायरिंग तेच ठेवून वीज वाढवणं

चांदणी चौकानंतर मी डायनमोच्या जागी, आयडलिंगलाही वीज देणारा अल्टरनेटर बसवला. मला विचाराल तर रोजच्या जुन्या गाडीत याहून उपयोगी बदल दुसरा नाही. पण त्यातही चुकायला जागा आहे. डायनमोचा जुना कटआउट (चार्जिंग सांभाळणारा डबा) तसाच जोडून ठेवतात आणि मग चार्जिंगचा गोंधळ होतो. ज्या अल्टरनेटरच्या पोटात रेग्युलेटर आहे त्याला कटआउट लागत नाही. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा दिवा मात्र लागतो, कारण बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्या दिव्यातूनच मिळतो. बल्ब उडाला की अल्टरनेटर ‘मेला’ असं समजून दुसरा विकत घेणारे लोक मी पाहिलेत.

बॅटरीपर्यंतची वायर जाड घ्या. आणि अर्थिंग! इंजिन ते बॉडी आणि बॉडी ते बॅटरी या दोन पट्ट्या खरवडून, घासून नीट बसवल्या की अर्धे ‘इलेक्ट्रिकल प्रॉब्लेम’ गायब होतात. सेल्फ मारताना क्लच किंवा चोकची केबल गरम लागत असेल तर समजा अर्थिंग गेलंय आणि सगळा करंट त्या बिचाऱ्या केबलमधून वाट काढतोय.

हेडलाइटची गोष्ट थोडक्यात. 100 वॉटचे दोन बल्ब म्हणजे सोळा-सतरा अँपिअर. तेवढं सगळं स्टिअरिंगखालच्या पन्नास वर्षांच्या स्विचमधून नेलं की आधी प्लास्टिकचा वास येतो, मग अंधार. 60/55 चे बल्ब लावा, रिले आणि फ्यूज टाकून, बॅटरीवरून थेट वायर नेऊन. उजेड तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा जास्त पडेल.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन चांगलं, पाइंट (ठिणगीसाठी करंट तोडणारा जुना स्विच) घासत बसायची कटकट जाते. पण बसवण्याआधी डेल्कोचा (डिस्ट्रिब्युटरचा) शाफ्ट हाताने डावी-उजवीकडे हलवून बघा. तो खेळत असेल, किंवा आतल्या अ‍ॅडव्हान्सच्या स्प्रिंगा सैल पडल्या असतील, तर टायमिंग डगमगतच राहणार आणि दोष नव्या मॉड्यूलला लागणार. कॉइल किती ओहमचा चालतो हे किटच्या कागदावर बघा. दीड ओहमचा कॉइल तीन ओहमच्या जागी लावला की मॉड्यूल तापून मरतो. गाडी बंद ठेवून किल्ली ऑन करून गाणी ऐकत बसलात तरी तेच. जुना पाइंट आणि कंडेन्सर मी ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवतो. मॉड्यूल रस्त्यात गेला तर तो दुरुस्त होत नाही, पाइंट मात्र व्हिजिटिंग कार्डाचा गॅप धरूनही घरापर्यंत आणतो.

ब्रेकमध्ये उलटा क्रम

चारही चाकांना ड्रम असलेल्या गाडीला पुढे डिस्क लावावेत असं सगळ्यांनाच वाटतं. मलाही वाटतं. पण मागच्या व्हील सिलिंडरमधून तेल पाझरतंय, रबरी होज फुगलेत, ड्रम लंबगोल झालेत आणि वर डिस्कचं किट, हा प्रकार नको. आधी आहे ते ब्रेक सरळ करा. नीट सेट केलेले ड्रम शहरात पुरतात.

डिस्क किंवा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) बसवल्यावर सर्वांत जास्त येणारी तक्रार म्हणजे ब्रेक धरून राहतात. गाडी निघताना ठीक असते, दहा किलोमीटरवर जड होते, मग पुढच्या चाकांचा जळका वास येतो. एका मित्राच्या गाडीत बोरघाट उतरताना हा वास आला तेव्हा आम्हाला वाटलं पुढचा ट्रक आहे. खोपोलीत थांबलो तर चाकाला हात लावता येईना.

याची कारणं शोधायचा क्रम असा. चाक धरलेलं असतानाच, थंड व्हायच्या आत, पुढचं चाक जॅकवर घ्या आणि ब्लीडिंगचं निपल किंचित सैल करा. तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं, तर दाब अडकलाय. चाक तरीही घट्टच असेल तर कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन किंवा पिना गंजल्यात, तिकडे बघा.

दाब अडकलाय असं कळलं तर निपल बंद करा, ब्रेक दाबून पुन्हा धरायला लावा, आणि आता मास्टर सिलिंडरचे (पेडल दाबल्यावर तेल चाकांकडे ढकलणाऱ्या नळकांड्याचे) बूस्टरवरचे दोन नट थोडे सैल करा. त्याने चाक सुटलं तर पुशरॉड, म्हणजे मास्टर सिलिंडरचा पिस्टन ढकलणारा दांडा, लांब आहे. पिस्टन पूर्ण मागे येत नाही, त्यामुळे तेल टाकीत परतायचं बारीक भोक झाकलेलं राहतं. तेल तापून फुगतं आणि ब्रेक आपोआप लागत जातात. रॉडला किंचित मोकळीक दिली की संपलं. नट सैल करूनही फरक नाही, तर मास्टर सिलिंडर बहुधा ड्रमचाच राहिलाय. ड्रमसाठीच्या सिलिंडरमध्ये लाइनीत थोडा दाब कायम राखणारा व्हॉल्व्ह असतो, साधारण दहा पीएसआयचा. ड्रमच्या स्प्रिंगा तो सहन करतात, डिस्कच्या पॅडला मागे ओढायला स्प्रिंगच नसते. आणि एकच चाक धरत असेल तर त्या चाकाचा रबरी होज बदला. तो बाहेरून धडधाकट दिसतो, आतून सुजून तेल जाऊ देतो पण परत येऊ देत नाही.

तेल डॉट 3 किंवा डॉट 4, दोन वर्षांनी बदलायचं. डॉट 5 हे सिलिकॉनचं असतं, ते यांत मिसळायचं नाही.

पेट्रोल बदललंय हे विसरणं

आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. पद्मिनीच्या काळातलं रबर त्यासाठी बनलेलं नाही. होज मऊ पडतात, मेकॅनिकल पंपाचा पडदा आखडतो. शिवाय इथेनॉल टाकीतला जुना गंज आणि चिकटा सोडवून पुढे पाठवतं, म्हणून सुरुवातीला फिल्टर दोन-तीनदा बदलावा लागतो. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं. कार्बोरेटरमधला जुना जेट (पेट्रोल मोजून सोडणारी भोकाची पुळी) तसाच ठेवला तर मिश्रण पातळ होतं: अ‍ॅक्सिलरेटर दाबला की क्षणभर काहीच नाही, कार्बोरेटरमधून शिंक, इंजिन नेहमीपेक्षा गरम. सोलेक्स कार्बोरेटरच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. एक पायरी मोठा जेट घाला आणि प्लगचा रंग बघा. सुईने भोक ‘साफ’ करू नका, त्याने तो कुठल्याच आकड्याचा राहत नाही.

उन्हाळ्यात पंपाजवळ पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडते. मुंबईचे टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं टाकायचे, ते याचसाठी. यावर इलेक्ट्रिक पंप हा चांगला उपाय आहे, फक्त कार्बोरेटरचा घ्या, तीन-चार पीएसआयचा. इंजेक्शनच्या गाडीतला भंगारातून आणलेला पंप याच्या दहापट दाब देतो. कार्बोरेटरची सुई तो दाब अडवू शकत नाही आणि पेट्रोल गरम मॅनिफोल्डवर सांडतं. पंपाचा करंट ऑइल प्रेशरच्या स्विचवरून घ्या, म्हणजे अपघातात इंजिन थांबलं की पंपही थांबेल.

बाकीचं

रुंद टायर: पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत पार्किंगला खांदे निघतात. मूळ मापाच्या जवळचे रेडिअल घ्या. सस्पेन्शनला कडक स्प्रिंगा घालण्याआधी बुश आणि किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं तो खिळा) बघा. किंगपिनला ग्रीस मारायचा कंटाळा करून अलाइनमेंट करत बसणारे कमी नाहीत.

सगळं एकाच वेळी करू नका. एका महिन्यात इग्निशन, कार्बोरेटर आणि पंप तिन्ही बदलले आणि गाडी मिसिंग करायला लागली, तर शोधणार कुठे? मी एक बदल करतो, पाचशे किलोमीटर चालवतो, वहीत लिहितो, मग पुढचा. काढलेला जुना भाग भंगारात देत नाही. पद्मिनीचं उत्पादन थांबून दोन दशकं उलटली, मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदलेली, तिची टॅक्सी म्हणून चालायची वीस वर्षांची मुदतही 2023 मध्ये संपली. नाना पेठेत खोक्यातला ‘नवा’ भाग मिळतो, पण त्याचं रबर आणि धातू कसा आहे हे बसवल्यावरच कळतं. जुन्या ओरिजिनलची दुरुस्ती बरेचदा जास्त टिकते.

इंजिनच बदलायचं डोक्यात असेल तर आधी आरटीओत जा, गॅरेजात नंतर. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली आरसीतल्या तपशिलांना धक्का लावणारा बदल परस्पर करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हे स्पष्ट केलंय. इंजिन नंबर जुळला नाही तर पुनर्नोंदणी अडते आणि विम्याचा दावाही. आणखी एक सापळा: पन्नास वर्षांवरची गाडी 2021 च्या नियमांखाली ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, नंबर प्लेटवर व्हीए येतं, दिसायला झकास. पण तशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. माझी 2028 ला पन्नाशीची होईल. तेव्हाही मी साध्याच नोंदणीचं नूतनीकरण करणार.

डिस्कचं किट गेल्या दिवाळीपासून कपाटाखाली खोक्यात आहे. मागच्या उजव्या चाकाचा सिलिंडर अजून पाझरतो, तो आधी. आणि त्याच्याही आधी हँडब्रेकची केबल.