नळाला रेती येते? आधी बाटल्या भरा, फिल्टर नंतर

नळाला रेती किंवा गाळ यायला लागला की बहुतेक घरांत पहिली धाव फिल्टरच्या दुकानाकडे असते. हा क्रम उलटा आहे. रेती कुठून येते ते न शोधता बसवलेला फिल्टर काही दिवसांत तुंबतो आणि विहिरीत, बोअरमध्ये किंवा टाकीत जे बिघडलंय ते तसंच राहतं. गोव्यात पुष्कळ घरांत नळाचं आणि विहिरीचं पाणी, काही ठिकाणी बोअरचंही, एकाच टाकीत पडतं. त्यामुळे दोष कोणाचा हे नुसतं बघून सांगता येत नाही. नमुने घ्यावेच लागतात.

एक लिटरच्या पाच पारदर्शक बाटल्या घ्या आणि प्रत्येकीवर जागा लिहा: मीटरनंतरचा अंगणातला पहिला नळ, मोटर चालू असताना टाकीत पडणारं पाणी, टाकीतून बाहेर येणारी लाइन, स्वयंपाकघरातला थंड नळ आणि गीझरचा गरम नळ. नळाच्या तोंडाची जाळी आधी काढा, नाहीतर तिच्यात अडकलेला जुना कचरा नमुन्यात येतो. फक्त गरम पाण्यात कण असतील तर गीझरच्या तळाला क्षार आणि गाळ साचलाय. वीज बंद करा, पाणी थंड होऊ द्या, इनलेट बंद करा आणि ड्रेन प्लग काढून टाकी रिकामी करा. एकाच नळाला त्रास असेल तर तेवढ्या भागातला जुना जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप आतून गंजलेला असण्याची शक्यता जास्त. टाकीत पडणारं पाणी स्वच्छ आणि बाहेर येणारं गढूळ असेल तर दोष टाकीच्या तळाशी आहे.

आता बाटल्या हलवून ठेवून द्या आणि घड्याळ बघा. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा रेतीचा कण बाटलीच्या तळाशी अर्ध्या-एक मिनिटात बसतो. त्याच्या दहाव्या हिश्शाएवढ्या पोयट्याला (रेतीहून बारीक गाळाला) तासभर लागतो. चिकणमाती दोन-दोन दिवस तरंगत राहते. तळाशी बसलेलं बोटांत चोळून बघा: रेती खरखरते, चिकणमाती साबणासारखी गुळगुळीत लागते. पांढरे कण असतील तर त्यावर व्हिनेगर टाका. फसफसले तर तो चुना किंवा शिंपल्यांचा चुरा. पाणी भरताना स्वच्छ दिसलं आणि काही तासांनी पिवळं-तांबूस झालं तर ती माती नाहीच, विरघळलेलं लोह हवा लागून बाहेर पडतंय. विहिरीच्या पाण्यावर तेलासारखा तवंग दिसला तर काडीने मोडून बघा. काचेसारखे तुकडे होऊन तसेच राहिले तर ते लोहजीवाणूंचं काम. पुन्हा एकत्र आले तर खरंच तेल, म्हणजे बहुधा मोटरमधून गळणारं.

नळाचं पाणी ओपा, अस्नोडा, साळावली, चांदेल अशा कुठल्याही प्रकल्पातून येवो, शुद्धीकरणातून ते गाळूनच निघतं. रेती शिरते ती वाटेत: फुटलेली लाइन दुरुस्त करताना किंवा पुरवठा बंद होऊन पुन्हा जोरात सुरू झाल्यावर. अशा वेळी टाकीकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद ठेवा आणि अंगणातला नळ 10 ते 15 मिनिटं पूर्ण उघडा सोडा. ते पाणी झाडांना जाऊ द्या. दोन-तीन दिवसांनंतरही रेती येत राहिली तर शेजाऱ्यांकडे विचारा. सगळ्यांकडे असेल तर नमुन्याची बाटली घेऊन लेखी तक्रार करा. फक्त तुमच्याकडे असेल तर जोडणीचा पाइप कुठेतरी फुटून माती ओढतोय. मीटरचं सील तोडू नका. मीटरच्या पुढे, तुमच्या हद्दीत, 60 मेशचा (इंचाला 60 छिद्रं असलेल्या जाळीचा) वाय-स्ट्रेनर, म्हणजे इंग्रजी वाय आकाराची गाळणी, बसवा. पाव मिलिमीटरपर्यंतची रेती तो अडवतो. स्ट्रेनरच्या अंगावरचा बाण पाण्याच्या दिशेने आणि जाळीचा तिरका पाय खाली असायला हवा. पाय वर ठेवून बसवला तर अडवलेला कचरा पुन्हा प्रवाहात येतो.

टाकीबद्दल एकच गोष्ट नीट लक्षात ठेवा: ती कधी पूर्ण रिकामी होऊ देऊ नका. तळाचा गाळ शेवटच्या चार बोटं पाण्याबरोबर निघतो आणि फ्लशच्या व्हॉल्व्हमध्ये, वॉशिंग मशीनच्या इनलेट जाळीत जाऊन बसतो. आउटलेट तळापासून दोन-तीन इंच वर हवं आणि गाळ काढायला तळाशी वेगळा ड्रेन. सहा महिन्यांनी टाकी घासून धुवा, मग भरा. 1000 लिटरला साधारण 150 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून निवळी (वरचं निवळलेलं पाणी) ओता, नळ उघडून क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी लाइनमध्ये घ्या, एक दिवस तसंच ठेवा आणि सगळं काढून टाका. हे पाणी प्यायचं नाही, झाडांनाही घालायचं नाही.

खरा गुंता विहिरीचा. चिऱ्यांनी (जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांनी) बांधलेल्या विहिरीत जांभ्याच्या भोकांतून आणि सांध्यांतून माती सुटते. जांभ्याखाली पिवळट-पांढरी चिकणमाती लागली असेल तर तीही सुटून पाण्यात येते. किनारपट्टीत, कळंगुट-कांदोळीपासून कोलवा-बाणावलीपर्यंत, पुष्कळ विहिरींचा तळच रेतीचा. तिथे मोटर पाणी जितक्या जोराने ओढते तितक्या जोराने तळातून रेती वर उसळते. म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे: उपसा कमी करा. सेंट्रिफ्युगल मोटरच्या डिलिव्हरीवरचा (पाणी वर ढकलणाऱ्या पाइपवरचा) व्हॉल्व्ह थोडा आवळा आणि एकदम तासभर उपसण्याऐवजी दोन-तीनदा थोडं-थोडं भरा. सक्शनवरचा (पाणी ओढणाऱ्या पाइपवरचा) व्हॉल्व्ह मात्र कधी आवळू नका, पंप आतून खराब होतो. फूटव्हॉल्व्ह, म्हणजे सक्शन पाइपच्या खालच्या टोकाचा व्हॉल्व्ह, तळापासून किमान दोन-तीन फूट वर हवा. मे महिन्यात पातळी खाली गेली म्हणून तो खाली सोडला जातो आणि पावसाळ्यात पुन्हा वर घ्यायचं राहून जातं. बऱ्याच घरांतल्या गाळाचं कारण एवढंच असतं.

पहिल्या पावसातच पाणी लाल होत असेल तर ते तळातून नाही, वरून येतंय. कठडा तपासा, भेगा भरा आणि भोवती मीटरभर रुंदीचा, बाहेर उतार असलेला सिमेंटचा ओटा करा.

विहीर उपसून साफ करायची वेळ एप्रिल-मेची. गाळ काढल्यावर रेतीच्या तळावर उलटा गाळणीथर टाका: खाली सहा इंच जाड रेती, त्यावर सहा इंच बारीक खडी, सगळ्यात वर सहा इंच मोठी खडी. बारीक वर ठेवलं तर उपयोग शून्य, ते पहिल्याच उपशात उसळतं. उतरण्यापूर्वी मोटरची वीज मेन स्विचवरून तोडा. डिझेल किंवा पेट्रोलचा पंप विहिरीत कधी उतरवू नका, त्याच्या धुराने माणूस काही मिनिटांत मरतो. कंदील विझला नाही म्हणजे हवा चांगली, या समजावर कोणाचा जीव टांगू नका. ब्लोअरने हवा सोडा, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधा, वर दोन माणसं ठेवा आणि खालचा बेशुद्ध पडला तर त्याच्या मागे उडी मारू नका. अशा अपघातांत दुसरा आणि तिसरा माणूस वाचवायला जाऊनच गेलेला असतो. नंतर पाणी निवळू द्या आणि मगच 1000 लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबाने ब्लीचिंग पावडरची निवळी घाला. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळच खाऊन टाकतो. व्यास अडीच मीटर आणि पाणी तीन मीटर असेल तर साधारण 14,700 लिटर, म्हणजे 37 ग्रॅम. किमान तासभर पाणी वापरू नका.

बोअरला 20 लिटरची बादली लावा: मोटर सुरू होताच एक, 15 मिनिटांनी दुसरी, तासाभराने तिसरी. फक्त पहिलीत रेती असेल तर मोटर सारखी चालू-बंद होतेय. फ्लोट स्विचच्या दोन पातळ्यांतलं अंतर वाढवा. शेवटच्या बादलीत वाढली तर उपसा झेपत नाही. मोटर तळाच्या जवळ असेल तर 10 ते 20 फूट वर घ्या, पण ती उपशातही पाण्याखाली राहायला हवी. तिन्हींत सारखीच असेल तर केसिंग (बोअरच्या आतला आधाराचा पाइप) घट्ट खडकापर्यंत गेलेलं नाही किंवा फुटलंय. ते काम बोअरवाल्याचं.

आता फिल्टर. तो वरच्या टाकीच्या खाली बसवू नका. 10 मीटर उंची म्हणजे एक बार दाब. गच्चीवरची टाकी नळापेक्षा तीन मीटर वर असेल तर मिळतो 0.3 बार, आणि 5 मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कार्ट्रिज थोडं तुंबलं की शॉवरला धार उरत नाही. जागा आहे मोटरच्या डिलिव्हरीवर, टाकीत पडण्यापूर्वी. आधी बादली लावून प्रवाह मोजा: 20 लिटर 25 सेकंदांत भरले तर मिनिटाला 48 लिटर. एवढ्याला 10 इंची बारीक हाउसिंग (कार्ट्रिज बसतं ते भांडं) पुरत नाही, 20 इंची जंबो घ्या. क्रम असा: रेती असेल तर सँड सेपरेटर (पाणी गोल फिरवून रेती वेगळी करणारं साधन) किंवा 100 मायक्रॉनची धुता येणारी जाळी, मग 20 मायक्रॉन, गरज असेल तरच 5. आधी आणि नंतर एकेक प्रेशर गेज लावा. दोघांत 0.7 बारचा फरक पडला की कार्ट्रिज बदला. शेजारी बायपास (फिल्टर टाळून जाणारी लाइन) ठेवा, म्हणजे बदलताना पाणी बंद राहत नाही.

चिकणमातीला 5 मायक्रॉनही अडवत नाही. तिथे तुरटी लागते, 1000 लिटरला 20 ते 60 ग्रॅम, पण आधी बादलीत करून बघा. जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बरेचदा थोडं आम्लधर्मी असतं आणि त्यात चुना कमी, म्हणून नुसत्या तुरटीने गाळ खाली बसत नाही, चिमूटभर विझवलेला चुनाही लागतो. हेच पाणी जीआय पाइप खातं. अशा घरात पाइप बदलताना सीपीव्हीसी (न गंजणारा प्लास्टिकचा पाइप) घाला. लोहासाठी कार्ट्रिज वाया घालवू नका: पाणी टाकीत शॉवरसारखं फवारून पाडा, लोह बसू द्या, मग वाळूच्या फिल्टरमधून काढा. पिण्याचं पाणी सरकारी प्रयोगशाळेत तपासून घ्या. भारतीय मानकाप्रमाणे गढूळपणा 1 एनटीयूपर्यंत (एनटीयू हे गढूळपणा मोजायचं एकक) असावा, दुसरा स्रोतच नसेल तर 5 पर्यंत चालतो. गाळ गेला तरी जंतू राहतात, म्हणून गढूळपणाबरोबर जंतूंचीही तपासणी मागा.