ग्लायडरमध्ये रिसीव्हरचा अँटेना: कुठला घ्यायचा, कुठे बसवायचा

रेडिओ कंट्रोल मॉडेल ग्लायडरसाठी रिसीव्हर (ट्रान्समीटरचा सिग्नल पकडणारा डबा) कुठल्या कंपनीचा घेऊ यावर लोक तासनतास वाद घालतात आणि मग तोच रिसीव्हर ग्लायडरच्या नाकात कोंबून अँटेनाची वायर जिथे जागा मिळेल तिथे दुमडून टाकतात. रेंज जाते ती बहुतेक वेळा इथे, कंपनीमुळे नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. रिसीव्हरमधून निघणारी ती बारीक काळी वायर म्हणजे अख्खा अँटेना नाही. ती कोॲक्स केबल आहे, तिचं काम फक्त सिग्नल आत आणायचं. खरा अँटेना म्हणजे टोकाचा तो भाग जिथे वरची धातूची जाळी काढलेली असते. आताचे सेट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, त्याची तरंगलांबी साधारण १२५ मिमी, तिचा चौथा हिस्सा म्हणजे ३१ मिमी, बस एवढाच. वायर लांब घेतली म्हणून रेंज वाढत नाही, उलट केबलमध्ये थोडा लॉसच होतो, लांब वायरचा फायदा एवढाच की अँटेना चांगल्या जागेपर्यंत पोचतो. जुन्या ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्झच्या सेटवर शिकलेली मंडळी अजूनही सवयीने वायर शेपटीपर्यंत ओढायला बघतात, तेव्हा मीटरभर वायर लागायची म्हणून ते ठीक होतं, आता त्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट दिशेची. सरळ अँटेनाचा पॅटर्न मेदूवड्यासारखा असतो, वायर मधल्या भोकातून गेलेली समजा. बाजूने भरपूर सिग्नल, वायरच्या टोकाच्या दिशेने जवळपास काही नाही. पॉवर मॉडेल (इंजिन किंवा मोटरवर उडणारं) असेल तर ते जवळ असतं, फारसं जाणवत नाही. पण ग्लायडर थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेत) लांबवर एका बाजूला कलून गोल गोल फिरत असतं, म्हणजे प्रत्येक चकरेत ते तुम्हाला नाक, पोट, शेपूट, पंख सगळं दाखवतं, आणि अँटेना एकच असेल तर त्याचं टोक चकरेत कधी ना कधी बरोबर तुमच्याकडे होणार. म्हणून ग्लायडरला दोन अँटेनावालाच रिसीव्हर घ्या आणि दोन्ही एकमेकांना ९० अंशात लावा. अगदी ९० नाही जमलं तरी चालेल, पण दोन्ही समांतर लावले तर दुसरा असून नसल्यासारखा. खालून ट्रान्समीटरचा अँटेनाही मॉडेलकडे रोखून धरू नका, त्याचं टोकही तितकंच आंधळं असतं.

आता कार्बन, इथे खरी गंमत आहे. बाल्सा लाकूड, ईपीपी आणि ईपीओ फोम, फायबरग्लास, केवलार, या सगळ्यातून २.४ आरामात जातं. कार्बन फायबर वीज वाहून नेतं, त्यामुळे कार्बन फ्युजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) आत ठेवलेला अँटेना म्हणजे पत्र्याच्या डब्यात ठेवल्यातच जमा. म्हणूनच दीड मीटर पंखांच्या एफ३के स्पर्धेतल्या डीएलजीचे (गिरकी घेऊन हाताने फेकायचं ग्लायडर) पॉड, म्हणजे धडाचा पुढचा भाग, आणि मोठ्या एफ५जे (मोटरवाल्या ग्लायडरची स्पर्धा) मॉडेल्सची नाकं बरेच उत्पादक केवलार किंवा ग्लासमध्ये बनवतात आणि कार्बन मागच्या बुमला (शेपटीपर्यंतच्या नळीला) ठेवतात. पण केवलारचं पिवळं नाक दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका, जोडाच्या कडेने किंवा पंखाखाली बऱ्याचदा कार्बनच्या पट्ट्या घातलेल्या असतात. आणि काळं दिसतं ते सगळं कार्बनच असतं असंही नाही, रंग मिसळलेलं ग्लासही काळं दिसतं. शंका असेल तर आतली, बाहेरून न दिसणारी जागा पॉलिश पेपरने हलकी घासा, रेझिनचा थर निघू द्या, आणि मल्टिमीटरचे दोन्ही प्रोब तिथे टेकवा. रेझिस्टन्सचा आकडा दाखवला तर कार्बन. दोन मिनिटांचं काम आहे, नवीन पॉड हातात आला की सगळ्यात आधी हेच करा.

नाक ग्लास किंवा केवलारचं असेल तर दोन्ही अँटेना आतच ठेवता येतात, एक फ्युजलाजच्या लांबीत, दुसरा आडवा किंवा उभा. ३१ मिमीचा तुकडा बॅटरी, सर्व्होच्या (शेपटी-पंख हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या) वायरी, पुशरॉड, शिशाचं वजन यांच्यापासून निदान दोन बोटं लांब असू द्या. डीएलजीच्या पॉडमध्ये एवढी जागा कुठून आणायची हा प्रश्न रास्त आहे, पण निदान एक तरी अँटेना मोकळा ठेवाच, आणि बॅटरीला चिकटवून तर कधीच नको. इलेक्ट्रिक ग्लायडरमध्ये नाकात मोटर, ईएससी (मोटरचा स्पीड कंट्रोलर), बॅटरी सगळं बसतं आणि रिसीव्हर मागे पंखाखाली सरकतो, म्हणजे नेमका कार्बनच्या भागात. तिथे अँटेना सरळ बाहेर काढा.

बाहेर काढायचं तर दीड-दोन मिमीचं भोक पाडा, त्यात पातळ प्लॅस्टिकची नळी बसवा म्हणजे कार्बनची धार कोॲक्सला कापणार नाही, आणि पूर्ण ३१ मिमी बाहेर येईल असं बघा. अर्धा आत अर्धा बाहेर असं केलं तर काही उपयोग नाही, जाळीवाला भागही तीन-चार मिमी बाहेर दिसला पाहिजे. एक डावीकडून, एक खालून किंवा उजवीकडून, टोकं किंचित मागे झुकलेली. डीएलजी असेल तर कॅच करताना तुमचा हात कुठे पडतो ती जागा सोडून भोक पाडा, नाहीतर महिन्याभरात उपटून हातात येईल. चिकटवायचं ते फक्त कोॲक्सच्या जाड भागाला, टेप किंवा हॉट ग्लूचा छोटा थेंब. टोकाच्या तुकड्यावर सीए (सुपर ग्लू) लावू नका, वायर कडक होऊन तुटते. कोॲक्सला काटकोनात घडी घालू नका, मोठा वळसा द्या.

बारक्या ईएलआरएस (एक्सप्रेसएलआरएस ही ओपन सोर्स रेडिओ सिस्टिम) रिसीव्हरवर जो सिरॅमिक अँटेना असतो, तो फोमच्या छोट्या मॉडेलला ठीक आहे. लांब जाणाऱ्या ग्लायडरला मी तो लावणार नाही, एक तर तो रिसीव्हरच्या बोर्डावरच असतो म्हणजे रिसीव्हर जिथे तिथेच अँटेना. टी आकाराचा डायपोल छान चालतो पण तो बसवायला सरळ जागा लागते. बदली अँटेना मागवताना कनेक्टर नीट बघा, आयपेक्स १ आणि आयपेक्स ४ दिसायला सारखे पण एकमेकांत बसत नाहीत. हे कनेक्टर सारखे काढ-घाल करायला बनवलेलेच नाहीत, एकदा बसवलं की वरून टेप लावून टाका.

९०० मेगाहर्ट्झवाले सेट घ्यावेत का? ग्लायडरला नजरेपलीकडे न्यायचंच नाही, त्यामुळे २.४ पुरतं, वर तिथे अँटेना आठ सेंटीमीटरचा होतो, तो लपवायचा कुठे. शिवाय भारतात लायसन्सशिवाय चालतो तो ८६५ च्या आसपासचा पट्टा, ९१५ वाला अमेरिकन सेट इथे मोबाइल कंपन्यांच्या बँडमध्ये घुसतो.

बसवून झालं की रेंज टेस्ट, आणि ती नावापुरती नको. मॉडेल पुठ्ठ्याच्या खोक्यावर कमरेइतक्या उंचीवर ठेवा, गाडीच्या बोनेटवर नको. ट्रान्समीटर रेंज चेक मोडला टाकून तीसेक मीटर मागे जा आणि मित्राला मॉडेल सगळीकडून फिरवायला सांगा, नाक तुमच्याकडे, शेपूट तुमच्याकडे, पोट तुमच्याकडे. मित्र आडवा आला तर तोही सिग्नल खातो, माणसाचं शरीर म्हणजे बरंचसं पाणीच. ट्रान्समीटरवर दिसणारा सिग्नलचा आकडा एखाद्या बाजूला एकदम पडला तर ती बाजू लिहून ठेवा आणि अँटेना हलवून परत बघा. ईएलआरएसमध्ये पॉवर सगळ्यात कमी आकड्यावर फिक्स करा आणि डायनॅमिक पॉवर बंद करा, नाहीतर सिग्नल पडला की सेट स्वतःच पॉवर वाढवतो आणि तुम्हाला वाटतं सगळं झकास आहे. फ्रस्काय कंपनीच्या सेटवर आरएसएसआयची (सिग्नलच्या ताकदीच्या आकड्याची) पहिली वॉर्निंग ४५ ला असते, ती बंद करू नका. व्हेरिओ (मॉडेल वर चढतंय की खाली येतंय ते आवाजाने सांगणारं यंत्र) वापरत असाल तर लक्षात ठेवा, टेलिमेट्री, म्हणजे मॉडेलकडची माहिती, खाली पाठवायचं कामही हाच अँटेना कमी पॉवरवर करतो, त्यामुळे आधी व्हेरिओचा आवाज तुटायला लागतो आणि कंट्रोल नंतर जातो. आवाज तुटला की मॉडेल जवळ आणा.

फेलसेफ (सिग्नल गेल्यावर रिसीव्हरने काय करायचं ते सेटिंग) होल्डवर, म्हणजे शेवटची कमांड तशीच धरून, ठेवू नका. चांगल्या थर्मलमध्ये होल्डवर गेलेलं ग्लायडर वर वर जात राहतं आणि कुठल्या तालुक्यात उतरेल सांगता येत नाही. मोटर बंद, फ्लॅप पूर्ण खाली, त्याला लागेल तेवढा एलेव्हेटर आणि थोडा रडर, म्हणजे ते मोठ्या गोलात हळूहळू खाली येतं. सेट केल्यावर जमिनीवर ट्रान्समीटर बंद करून खरंच तसं होतंय का बघा, पण आधी प्रॉपेलर काढून ठेवा.

जोरात लँडिंग झालं की कनेक्टर सुटलाय का आणि टोकाची वायर कापली गेलीये का बघा. तुकडा तुटला असेल तर कोॲक्सचं वरचं आवरण आणि जाळी सोलून नवीन ३१ मिमी मोकळा करता येतो, आतलं पांढरं इन्सुलेशन तसंच राहू द्या. जाळीचा एकही केस मधल्या तारेला टेकलेला नको, भिंगातून बघा, आणि परत रेंज टेस्ट.