डिस्प्ले येत नाही? नवी रॅम घेण्याआधी एवढं करून पाहा

कॉम्प्युटरचं बटण दाबलं, पंखे फिरले, दिवा लागला, पण मॉनिटर काळाच. इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधल्या दुकानात डबा नेऊन "भिया, नो डिस्प्ले है" म्हटलं की कारागिराचा हात आधी रॅमकडेच, म्हणजे मेमरीच्या स्टिककडेच जातो, आणि तो चुकत नाही. पण रॅमवर संशय म्हणजे रॅम जळाली असं नव्हे. पुष्कळदा तिच्या सोनेरी पट्ट्या मळलेल्या असतात, नाहीतर ती स्लॉटमध्ये पुरती बसलेली नसते. इंदुरातली धूळ आणि वर पावसाळ्याची ओल, असं असताना हा संशय आधी घ्यावा.

मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डाला, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डाला तर लागली नाही ना, एवढं पाहून घ्या.

मग बोर्ड काय सांगतो ते बघा. नव्या बोर्डांवर सीपीयू, डीरॅम (म्हणजे रॅम), व्हीजीए, बूट असे छोटे दिवे असतात. डीरॅमचा दिवा अडकून राहिला तर दिशा मिळाली. दिवे नसतील तर बझर, म्हणजे बोर्डाला लावलेला बीप वाजवणारा छोटा स्पीकर ऐका. लांब बीप पुन्हापुन्हा वाजणं सहसा मेमरीचं लक्षण असतं, पण बीपची भाषा बायोसगणिक (मशीन सुरू करणारा बोर्डातला प्रोग्रॅम) बदलते, म्हणून बोर्डाच्या पुस्तिकेशी ताडून पाहा. रॅम डीडीआर५ या नव्या पिढीची असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: रॅम नवी बसवल्यावर किंवा बायोस रीसेट केल्यावर बोर्ड मेमरीचं ट्रेनिंग करतो, म्हणजे तिच्याशी जुळवून घेतो. तेव्हा काही मिनिटं स्क्रीन काळी राहते. घाई करून बटण बंद करू नका, १०-१५ मिनिटं थांबा.

आता भिंतीवरचं बटण बंद करा, केबल काढा आणि पॉवरचं बटण १० सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या. अंगातली स्थिर वीज निघून जावी म्हणून कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा. थंडीत लोकरी स्वेटर घातला असेल तर नक्कीच. रॅम कडांना धरून काढा. पट्ट्या मऊ पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने. सँडपेपर नको, सोन्याचा मुलामा निघतो. स्लॉटमध्ये तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण जातात. कोरडा मऊ ब्रश पुरतो.

रॅम परत बसवताना खाच जुळवा आणि दोन्ही टोकं आलटूनपालटून नव्हे, एकाच वेळी दाबा. काही बोर्डांवर क्लिप एकाच बाजूला असते. तिथे 'टक्' आवाज येतो, पण दुसरं टोक वरच राहतं. हमखास होणारी चूक आहे ही.

खरी परीक्षा पुढे. एकच स्टिक घ्या आणि ए२ स्लॉटमध्ये, म्हणजे बहुतेक चार स्लॉटच्या बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या, बसवून चालू करा. नाही चाललं तर तिथेच दुसरी स्टिक लावा, मग स्लॉट बदला. एकच स्टिक सगळ्या स्लॉटमध्ये अडली तर ती गेली. सगळ्या स्टिका एकाच स्लॉटमध्ये अडल्या तर दोष स्लॉटचा, किंवा प्रोसेसरच्या सॉकेटमधली पिन वाकलेली, किंवा प्रोसेसरवरचा कूलर एका बाजूला जास्त आवळलेला. दोन्ही एकेकट्या चालतात, पण जोडीने नाही? मग मेळ जमत नाहीये. बायोसमधली एक्सएमपी, म्हणजे रॅम जादा वेगाने चालवणारी सेटिंग बंद करून बघा.

काहीच चाललं नाही तर बझर लावून सगळी रॅम काढा आणि चालू करा. बीप आला म्हणजे बोर्ड आणि प्रोसेसर निदान तक्रार करण्याइतके जिवंत आहेत. चिडीचूप राहिला तर दोष बहुधा रॅमबाहेरचा: पॉवर सप्लाय आणि प्रोसेसरचा ८ पिनांचा कनेक्टर तपासा. बायोस रीसेट करायचा तर वीज तोडून सीआर२०३२ सेल ५ मिनिटं काढून ठेवा.

मशीन सुरू झाली पण भरवसा वाटत नसेल तर पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवा. ४ फेऱ्यांत एकही चूक आली तरी नापास. मात्र एक्सएमपी बंद केल्यावर चुका थांबल्या तर स्टिक टाकून देऊ नका, तिचा वेग उतरवा.

घ्यायचीच वेळ आली तर जुनी स्टिक बरोबर न्या. डीडीआर३ ला २४० पिना असतात. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोघींना २८८, पण खाचेची जागा वेगळी, त्यामुळे एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही. स्टिकर खरडू नका, वॉरंटीचा नंबर त्यावरच असतो. जोडीच्या किटमधली एक गेली असेल, तरी वॉरंटीसाठी दोन्ही न्या.