लेझर करून आल्यावर चेहरा लाल झालाय? काय लावायचं आणि कशाला हातही लावायचा नाही

लेझर करून घरी आलात, आरशात बघितलं तर हनुवटी लालबुंद, हात लावला तर गरम, आणि प्रत्येक केसाच्या मुळाशी बारीक उंचवटा, पिसं काढलेल्या कोंबडीसारखं दिसतंय सगळं. घाबरू नका. हेअर रिमूव्हलनंतर हे होतंच, उलट लेझर मारताना डॉक्टर हेच बघत असतात, मुळाभोवती सूज आली म्हणजे उष्णता मुळापर्यंत पोचली. बहुतेकींचं काही तासांत बसतं, कुणाचं एक-दोन दिवस राहतं. हनुवटी, बिकिनी लाइन इथे जरा जास्तच होतं, कारण तिथले केस जाड.

पण आपल्याकडे खरी भानगड लालीची नाहीच, लाली जाते. मागाहून दोन-चार आठवड्यांनी त्याच जागी काळपट डाग उमटतात ना, ते जायला महिने लागतात, आणि बऱ्याचदा ते मशीनपेक्षा घरी केलेल्या उद्योगांमुळे येतात.

कारण साधं आहे. लेझर रंग शोधतो. १९८३ साली अँडरसन आणि पॅरिश या दोन अमेरिकन संशोधकांनी हे तत्त्व मांडलं की ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश अगदी थोड्या वेळासाठी सोडला तर ज्या गोष्टीत तो प्रकाश शोषणारा रंग आहे तेवढीच तापते आणि आजूबाजूचं वाचतं. केसातलं मेलॅनिन, म्हणजे काळा रंग देणारं द्रव्य, तापतं, मूळ जळतं. आता हेच मेलॅनिन आपल्या कातडीतही भरपूर आहे, त्यामुळे थोडी उष्णता वरच्या थरातच अडकते. कातडीचे प्रकार मोजायची जी फिट्झपॅट्रिक स्केल आहे तीसुद्धा १९७५ मध्ये निघाली तेव्हा गोऱ्या लोकांसाठीच होती, सावळ्या आणि काळ्या कातडीचे पाच आणि सहा नंबर नंतर जोडले, आणि आपण बहुतेक जण चार-पाचमध्ये बसतो. म्हणून इन्स्टावरची एखादी गोरी मुलगी लेझरच्या दुसऱ्या दिवशी बीचवर दिसते ते बघून आपण तसं करायचं नाही.

पहिल्या दिवशी काम एकच, उष्णता काढायची. बर्फ थेट फिरवू नका, बर्फाने पण कातडी भाजते आणि तिथेही डाग पडतो. फ्रीजमधला आइस पॅक किंवा बर्फाची पिशवी स्वच्छ सुती रुमालात गुंडाळायची, पाच-दहा मिनिटं टेकवायची, काढायची, थोड्या वेळाने परत. टेकवायची म्हणजे टेकवायचीच, चोळायची नाही. त्या दिवशी गरम पाण्याने अंघोळ नको, वाफ नको, जिम नको, आणि स्वयंपाक करणार असाल तर निदान त्या संध्याकाळी भाकऱ्या दुसऱ्या कुणाला तरी थापू द्या, तव्याची धग चेहऱ्यावर घेण्यात काही अर्थ नाही. घाम, गरम पाणी, स्विमिंग पूल हे सगळं एक-दोन दिवस तरी लांब.

तोंड धुवायचं ते साध्या गार किंवा जेमतेम कोमट पाण्याने, आणि क्लेन्झर लावायचाच असेल तर बिनवासाचा, फेस न होणारा. कडुनिंबवाला, चारकोलवाला, दाणेदार स्क्रबवाला असले सगळे बाजूला. टॉवेलने टिपायचं. वर साधं मॉइश्चरायझर, वास नसलेलं, घटकांची यादी जितकी छोटी तितकं बरं. झोंबलं तर लगेच धुऊन टाका, 'सुरुवातीला झोंबतं मग सवय होते' हे इथे चालत नाही.

रेटिनॉल, ट्रेटिनोइन, ग्लायकोलिक, सॅलिसिलिक, व्हिटॅमिन सी सीरम, कोजिक क्रीम हे सगळं बंद. हेअर रिमूव्हल असेल तर साधारण आठवडाभर, चेहऱ्याला सीओटू, म्हणजे खड्ड्यांसाठीचं लेझर, केलं असेल तर डॉक्टर परत चालू करा म्हणेपर्यंत.

आता घरगुती उपाय. घरात एक तरी मावशी किंवा काकू निघतेच जी म्हणणार, अगं काही नाही, हळद आणि साय लाव. मावशीचं प्रेम खरं आहे, पण हळद-बेसन लावल्यावर ते वाळतं आणि मग आपण ते चोळून काढतो, आणि ताज्या लेझरच्या कातडीवर नेमकं ते चोळणंच नडतं. लिंबू तर आम्ल आहेच, शिवाय लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की कातडी भाजल्यासारखी होऊन काळी पडते, लेझर न करता पण. मुलतानी माती कातडी अजून कोरडी करते. कोरफड? बाटलीतलं साधं जेल चालेल, वास आणि अल्कोहोल नसेल तर, पण कुंडीतलं पान तोडून थेट लावू नका. पान तोडल्या तोडल्या कडेने जो पिवळा चीक ओघळतो ना, तो खाज आणतो. खोबरेल तेलही ते उंचवटे बसेपर्यंत नको, केसांची छिद्रं बंद होऊन बारीक पुळ्या येतात. रात्री डोक्याला तेल लावून झोपायची सवय असेल तर ते उशीवरून गालाला लागतंच, त्या आठवड्यात तेल नको किंवा निदान उशीचं कव्हर रोज बदला.

घरातल्या औषधांच्या डब्यातली बेटनोवेटसारखी स्टेरॉइडची ट्यूब, यावर मी जरा जास्तच बोलणार आहे. डॉक्टर कधी कधी लेझरनंतर स्वतःच सौम्य स्टेरॉइड क्रीम देतात, दोन-तीन दिवसांसाठी, लाली उतरावी म्हणून, ते ठीक आहे, लावा आणि सांगितलेल्या दिवशी थांबा. अडचण ही की ते लावल्यावर चेहरा एकदम छान दिसतो, उजळतो, मग माणूस थांबत नाही, ट्यूब संपली की मेडिकलवाल्याकडून दुसरी येते. आणि मग काही आठवड्यांनी, महिन्यांनी कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, पिंपल्स येतात, क्रीम बंद केलं की चेहरा आग आग होतो म्हणून परत लावावं लागतं, आणि सगळ्यात कहर म्हणजे चेहऱ्यावर लव वाढते. म्हणजे ज्यासाठी पैसे भरून लेझर केलं तेच परत. हे भारतात इतकं झालंय की त्वचारोगतज्ज्ञांनी या प्रकाराला वेगळं नावच दिलंय, आणि २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच स्टेरॉइड क्रीम शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. गोरं करणाऱ्या 'ट्रिपल' क्रीममध्येही बऱ्याचदा स्टेरॉइडच असतं, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनोइनच्या जोडीला. ट्यूबवर शेवटी 'सोन' किंवा 'सोल' असलेलं नाव दिसलं, म्हणजे बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, की थांबा आणि विचारा.

ऊन. यात सूट नाही. सनस्क्रीन एसपीएफ ३० ते ५०, ब्रॉड स्पेक्ट्रम, दोन बोटांवर भरून जेवढं बसतं तेवढं चेहरा आणि मानेला, आणि बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी परत. झिंक ऑक्साइडवालं असेल तर बरं, कमी झोंबतं. आणि परवडलं तर रंग असलेलं, म्हणजे टिंटेड घ्या, त्यातलं आयर्न ऑक्साइड साधा दिसणारा उजेडही अडवतं, आणि सावळ्या कातडीवर डाग पाडायला नुसतं यूव्ही नाही, हा उजेडही पुरतो. पावसाळ्यात आभाळ भरलंय म्हणून सोडू नका, ढगातून यूव्ही येतं. हे निदान महिनाभर, खरं तर पुढच्या सिटिंगपर्यंत.

पुण्यात ॲक्टिव्हावर तोंडाला स्कार्फ गुंडाळून फिरणाऱ्यांनो, तुमची सवय इथे कामाची आहे, पण तो स्कार्फ मऊ सुती हवा आणि रोज धुतलेला. डिकीत आठवडाभर पडलेला, घामट, नायलॉनचा आणि गालाला करकचून बांधलेला स्कार्फ दिवसभर घासतो, हनुवटीवर डाग पडायला तेवढं पुरे. हेल्मेटच्या पट्ट्याचंही तेच. मान लेझर केली असेल तर मंगळसूत्र, चेन दोन-चार दिवस काढून ठेवता आली तर बघा. कपाळावर केलं असेल तर चिकटवायची टिकली नको, त्या गोंदाने एरवीसुद्धा कुणाकुणाच्या कपाळावर डाग पडतो. थ्रेडिंग, ब्लीच, फेशियल, वॅक्स यातलं काहीच नाही.

लग्न असेल तर तारीख आधी बघा. हळदीच्या चार दिवस आधी लेझर करून येणाऱ्या नवऱ्या मुली दर सीझनला असतात, आणि हळदीला कुणी हळूच लावत नाही, सगळ्या वहिन्या मिळून चोळतात. शेवटचं हेअर रिमूव्हल निदान तीन-चार आठवडे आधी संपवा. खड्ड्यांसाठीचं सीओटू तर दोन-तीन महिने आधी, त्याला वेळ लागतो. होळीचंही तेच.

सीओटूचं गणित वेगळंच आहे. इथे कातडीला खरोखर बारीक बारीक भोकं पाडलेली असतात. पहिले दोन-तीन दिवस सूज, डोळ्यांखाली तर सकाळी जास्तच, दोन उश्या घेऊन झोपा. मग तपकिरी ठिपक्यांची जाळी धरते, हात फिरवला तर खरखरीत लागतं, आणि साधारण पाच ते सात दिवसांत ती आपोआप गळते. नखाने काढायची नाही, एक सुद्धा नाही, जिथे ओढून काढाल तिथे डाग किंवा व्रण. तोवर पेट्रोलियम जेली किंवा डॉक्टरांनी दिलेलं मलम पातळसं, हात धुऊन, आणि कोरडं पडलं की परत. उघड्या कातडीवर सनस्क्रीन नाही, ती जागा भरेपर्यंत घरातच बसा, बाहेर पडावंच लागलं तर छत्री, टोपी. गुलाबीपणा मात्र काही आठवडे राहू शकतो. आणि ओठांवर ज्यांना अधूनमधून जर येतो, म्हणजे तापाचे फोड, त्यांनी हे लेझरच्या आधीच डॉक्टरांना सांगायचं, चेहऱ्यावरच्या लेझरने तो परत उसळतो आणि त्याच्या गोळ्या आधीच चालू कराव्या लागतात.

कधी थांबायचं नाही ते ऐका. पाण्याचे फोड आले, लेझरच्या टोकाच्या आकाराचे चौकोनी किंवा गोल ठसे उठले, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढायला लागलं, पू किंवा पिवळी खपली धरली, ताप आला, लाली पसरत चालली, तर त्याच दिवशी क्लिनिकला फोटो पाठवून फोन करा. फोड फोडू नका, टूथपेस्ट लावू नका. डोळा दुखत असेल किंवा अंधुक दिसत असेल तर क्लिनिकची वाट न बघता डोळ्यांच्या डॉक्टरकडे. क्लिनिकमधून 'नॉर्मल आहे मॅडम' एवढंच उत्तर येत असेल आणि डॉक्टर फोनवर येतच नसतील तर त्वचारोगाची डिग्री असलेल्या दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल, पार्लरच्या सर्टिफिकेटवर विसंबू नका.

एक-दोन आठवड्यांनी केस परत आल्यासारखे वाटतील, ते वाढत नसतात, जळालेले केस बाहेर पडत असतात. ओढू नका, पडू द्या. लाली गेल्यावर रेझर चालतो, पण प्लकर आणि धागा नाही, कारण पुढच्या वेळी लेझरला मूळ जागेवर लागतं.

आणि पुढच्या सिटिंगला, चेहऱ्याचं असेल तर साधारण चार-सहा आठवड्यांनी, गेल्या वेळी लाली किती दिवस टिकली, कुठे डाग आला ते सांगा, म्हणजे एनर्जी कमी करता येते, आणि मधे कोकणात जाऊन काळ्या होऊन आला असाल तर ते लपवू नका, सिटिंग पुढे ढकला. फोटो काढून ठेवा, दिवसाच्या उजेडात, फिल्टर बंद करून, कारण पुढच्या वेळी मशीनवर दुसरीच मुलगी असू शकते आणि 'थोडं लाल झालं होतं' एवढ्यावरून तिला काहीच कळत नाही.