स्लजपासून वीज करताय? या चुका टाळा

सांगलीत प्रोजेक्टचा सीझन आला की डिप्लोमाची पोरं बादली घेऊन गाळ (स्लज) आणायला जातात, त्यातल्या बॅक्टेरियांकडून वीज करून घ्यायला, आणि चार दिवसांनी मला मेसेज, "दादा, व्होल्टेजच येईना." अरे येणार कसं, बॅक्टेरिया अॅनोडवर, म्हणजे गाळात बुडवलेल्या कार्बनवर, बसून त्याला इलेक्ट्रॉन देतात, आणि बसायलाच एक ते तीन आठवडे घेतात, रोज झाकण उघडून काय बघताय? उघडलं की हवा आत जाते, मग इलेक्ट्रॉन तुमच्या वायरमधून जायच्या ऐवजी ऑक्सिजनलाच मिळतात. हवा पाहिजे ती कॅथोडला, म्हणजे वायरच्या दुसऱ्या टोकाच्या कार्बनला, अॅनोडला अजिबात नाही.

आता माझी स्वतःची फजिती. पहिल्या सेलला मी एक पट्टी तांब्याची, एक जस्ताची लावलेली. पहिल्याच दिवशी 0.7 व्होल्ट! सगळ्यांना चहा पाजला. सर आले, म्हणाले गाळ काढ आणि नुसतं मिठाचं पाणी घाल बघू. तरी 0.7 च. म्हणजे वीज जस्त झिजून येत होती, लिंबात खिळा खुपसल्यावर येते तशीच, बॅक्टेरियाचा काही संबंध नाही. दोन्हीकडे कार्बन फेल्ट किंवा ग्रॅफाइट रॉडच लावा, आणि शेजारी उकळलेल्या गाळाचा एक सेल ठेवा, तो थंड आणि जिवंत गाळाचा चढता, तर खरं.

दुसरं, नुसता मल्टीमीटर लावून 0.6 दिसलं म्हणून नाचू नका. 1000 ओहमचा रेझिस्टर लावून मोजा, 0.2 वर आला तर पॉवर झाली 0.04 मिलीवॅट, मोबाईल चार्जिंगचं स्वप्न तिथंच सोडा. आणि हा रेझिस्टर पहिल्या दिवसापासून जोडूनच ठेवा, सर्किट उघडं राहिलं तर मिथेनवाले जंतू सगळं खाऊन टाकतात.

एकानं लवकर वाढावं म्हणून साखर कारखान्याची मळी कपभर ओतली, पीएच धाडकन खाली, सेल गार. बॅक्टेरियाचं खाणं म्हणून चिमूटभर सोडियम अॅसिटेट पुरतं, पीएच 7 च्या आसपास ठेवा.

एलईडीसाठी चार सेल सिरीजमध्ये जोडले की त्यातला अशक्त उलटा फिरतो, प्लसचा मायनस. त्यापेक्षा एकाच सेलनं कपॅसिटर भरा, पुढं बूस्ट कन्व्हर्टर (व्होल्टेज वाढवणारं सर्किट) लावा, लाईट लुकलुकेल पण लागेल. झाकणाला एम-सील लावताना गॅस जायला पाण्यात बुडवलेली बारीक नळी ठेवा, आमचं एक झाकण रात्री दोनला छताला लागलेलं आणि तो वास आठवडाभर रूमवर होता.