स्पीकर नवे घ्यायचेत, पण आवाज तोच हवाय? मग आधी एवढी तयारी करा

जुन्या स्पीकरचा आवाज आवडतो पण आता जरा मोठं, मोकळं काहीतरी हवंय, अशा अवस्थेत असाल तर लगेच खरेदीला पळू नका, आधी दोनेक आठवडे घरीच काम आहे. मी ते न करता एकदा थेट टॉवर स्पीकर (जमिनीवर उभे राहणारे उंच) उचलून आणले, पहिल्या रात्री खूश होतो, पंधराव्या दिवशी जुनी बुकशेल्फ जोडी (शेल्फवर मावणारी छोटी) परत लावून बसलो होतो. तेव्हापासून ही यादी डोक्यात पक्की आहे.

सगळ्यात आधी कागद घ्या आणि आपल्याला नेमकं काय आवडतं ते लिहा. नुसतं "वॉर्म आवाज" लिहून काही होत नाही, वॉर्म म्हणजे प्रत्येकाचं वेगळं. पाचसहा तोंडपाठ रेकॉर्डिंग लावा आणि जागा पकडा. बाईच्या आवाजातला स टोचतो का, तबलजीने डग्ग्यावर घीस ओढली की ती खालपर्यंत जाते की मधेच विरते, तानपुरा मागे वेगळा ऐकू येतो की गाण्यात मिसळून जातो. आणि जे मिळत नाही तेही लिहा, कारण अपग्रेड त्याच्यासाठीच आहे ना. माझ्या कागदावर होतं: पुरुषाचा आवाज छातीतून येतो, हे सोडायचं नाही, आवाज वाढवला की सगळी वाद्यं एकमेकांवर चढतात, हे नकोय. एवढ्या दोन ओळींनी पुढे बरीच मॉडेलं आपोआप बाद झाली.

मग जुन्या जोडीची तब्येत बघा. जाळी काढा, टॉर्च मारा, वूफरच्या, म्हणजे बेस वाजवणाऱ्या मोठ्या गोलाच्या, कडेला फोमची गोल किनार असेल तर बोटाने अगदी हळू दाबून बघा. माझ्या डाव्या स्पीकरची किनार दाबली तर काळा चिकट भुगा बोटाला आला, म्हणजे तो वूफर कधीचा आजारी होता आणि मी त्यालाच गोडवा म्हणत होतो! फोम दहा-वीस वर्षांत कुजतो, रबराची किनार खूप जास्त टिकते. आतल्या क्रॉसओव्हरमधले (खालचे-वरचे सूर वेगळे करून वाटणाऱ्या सर्किटमधले) इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही वयाने बिघडतात, मग ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा गोल) दबतो आणि आवाज मऊ वाटायला लागतो. आपल्याला आवडणारा आवाज डिझाइनचा आहे की म्हातारपणाचा हे कळल्याशिवाय नव्यात काय शोधणार? फोम बदलता येतो, कपॅसिटर बदलता येतात, आणि खरं सांगायचं तर काही जणांचं अपग्रेड इथेच संपतं.

आता जागा. मी सपशेल आपटलो ते इथेच, म्हणून जरा सविस्तर सांगतो. माझे जुने स्पीकर कोपऱ्यातल्या शेल्फवर, भिंतीला जवळजवळ टेकून होते, भिंत जवळ असली की खालचे सूर फुगतात, त्यामुळे तो छातीतला आवाज अर्धा भिंतीचा होता. टॉवर आले ते भिंतीपासून पुढे. वूफरचा हलणारा पडदा भिंतीपासून 60 सेंटीमीटर पुढे असेल तर मागे जाऊन परत येणारा आवाज साधारण 143 हर्ट्झला (आकडा लहान तितका सूर खालचा) थेट आवाजाच्या उलटा पडतो आणि तिथे खड्डा होतो, 1 मीटरवर तोच खड्डा 86 च्या आसपास सरकतो. पुरुषाच्या आवाजाचा भरीवपणा त्याच पट्ट्यात असतो, मी मात्र पंधरा दिवस टॉवरला शिव्या घालत होतो. म्हणून नवे आणायच्या आधी जुनेच स्पीकर नव्यांच्या जागी, त्याच उंचीवर ठेवून दोन दिवस ऐका. आवडता आवाज गायब झाला तर तुमचा लाडका स्पीकर नाही, कोपरा आहे. खोलीची लांबीही मोजा, 4 मीटर असेल तर 43 हर्ट्झच्या आसपास खोली स्वतःच घुमते, तिथे बेस खोल जाणारा स्पीकर आणला तर घुमणंच वाढणार.

अॅम्पचं, म्हणजे स्पीकरला पॉवर देणाऱ्या अॅम्प्लिफायरचं, थोडक्यात. सेन्सिटिव्हिटी बघा (ठरलेल्या पॉवरवर स्पीकर किती मोठा वाजतो ते), 89 डेसिबलवाल्या जागी 83 वाला आणलात तर तेवढ्याच आवाजाला चौपट पॉवर लागते. इम्पिडन्स (अॅम्पला जाणवणारा विजेचा अडथळा) 4 ओहम असेल तर आपला अॅम्प ते झेपवतो का ते मॅन्युअलमध्ये वाचा. आणि व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) अॅम्प असेल तर गोडव्यात त्याचाही हात असतो, स्पीकरचा इम्पिडन्स जिथे चढतो तिथे तो आवाज किंचित वर उचलतो, त्यामुळे स्पीकर आणि अॅम्प एकदम बदलू नका, काय कशाने बिघडलं ते कळतच नाही.

यानंतर मॉडेलं. त्याच कंपनीचं नवं मॉडेल म्हणजे तोच आवाज असं समजू नका, नाव तेच राहतं, आतले ड्रायव्हर (वूफर, ट्वीटर) आणि क्रॉसओव्हर बदललेले असतात. पेटीचा प्रकार जास्त कामाचा: बंद पेटीचा बेस हळूहळू उतरतो, साधारण 12 डेसिबल प्रति ऑक्टेव्ह (एक सप्तक), पोर्टवाल्याचा (पेटीला हवेचं भोक असलेल्याचा) 24 ने, म्हणजे आधी जोरात आणि मग एकदम कडा. उदाहरणार्थ बीबीसीचा एलएस3/5ए हा स्पीकर बघा, 1970 च्या दशकात ब्रॉडकास्ट व्हॅनमधल्या अरुंद जागेसाठी केलेली फूटभर उंचीची बंद पेटी. त्यात खोल बेस नाहीच, पण वरच्या बेसमध्ये हलकासा उभार आहे, त्यामुळे कानाला भरल्यासारखं वाटतं. अशा स्पीकरवर जीव असेल तर हवा असतो तो उभार, आणि "बेस 30 हर्ट्झपर्यंत" वाचून हुरळलात तर फसाल.

ऐकायला मागवाल तेव्हा घरीच मागवा. दोन्ही जोड्यांचा आवाज एकाच पातळीवर आणल्याशिवाय तुलना करू नका, एखादा डेसिबल जास्त असला तरी तो स्पीकर चांगला वाटतो. पिंक नॉइज (चाचणीचा सलग खरखराट) लावा, शक्यतो 500 ते 2000 हर्ट्झमधला, फोनवरचं मीटर डोक्याच्या जागी धरा, आकडा खरा नसला तरी चालेल, दोन्हींना सारखा आला की झालं. जमिनीला टेप चिकटवून जागा आखून ठेवा. आणि पटापट बदला, आवाजाची बारीक आठवण काही सेकंदांतच पुसट होते, वायर काढून लावेपर्यंत निम्मं विसरलेलं असतं.

ईक्यू (कुठले सूर किती वाजावेत ते बदलायची सोय) असेल तर तेही तयार ठेवा. 100 ते 300 हर्ट्झला दीडदोन डेसिबल चढवून नव्या सरळसोट स्पीकरमध्ये जुना भरीवपणा बऱ्यापैकी आणता येतो. माझं मत विचाराल तर साफ स्पीकर घेऊन हवा तो रंग ईक्यूने भरणं, रंगीत स्पीकर शोधत फिरण्यापेक्षा सोपं. फक्त स्पीकर बाजूला आवाज कसा पसरवतो ते ईक्यूला बदलता येत नाही, ते बघायला सोफ्याच्या टोकाला बसूनही ऐका.

वायर जाडसर, प्लस-मायनस दोन्हीकडे सारखं, ट्वीटर कानाच्या उंचीला येईल असे स्टँड, नव्यांचे खोके जपून. आणि जुनी जोडी दोन महिने तरी कुणाला देऊ नका, मित्र कितीही मागे लागला तरी. माझी मी दिली नव्हती, म्हणून तर पंधराव्या दिवशी परत जोडता आली.